आईचा वेग

संगणकाचा पडदा काळा झाला आणि चटका बसावा तसे आईने कीबोर्डवरून हात उचलले. "निनाद, परत बंद पडला रे. अर्धी लग्नपत्रिका गेली. मी काय दाबलं?"

निनादला कारण ठाऊक होतं. गेम सुसाट चालावा म्हणून त्यानेच प्रोसेसरचा वेग वाढवून ठेवला होता आणि तो संगणकाला झेपत नव्हता. पण तोंडातून भलतंच निघालं. "टाइपरायटर आहे का हा? किती बडवतेस!"

मिनिटाला चाळीस शब्दांची टायपिंगची परीक्षा पास झालेली, छापखान्याची कामं घरी टाइप करून देणारी आई त्या दिवसापासून झोपलेल्या बाळाला हात लावावा तशी एकेक कळ दाबू लागली. चार दिवसांनी निनादला बघवेना. ती भाजी आणायला गेली तेव्हा त्याने वेग गुपचूप पूर्ववत केला.

आठवडाभर संगणक एकदाही बंद पडला नाही. पत्रिकेचं प्रूफ न्यायला आलेल्या छापखानेवाल्यांना आई म्हणाली, "मीच धसमुसळी हो. लेकाने वळण लावलं."

निनादचे कान तापले. "आई, आता कर की पूर्वीसारखं भराभर," तो कसाबसा म्हणाला.

"नको बाबा," ती हसली आणि एका बोटाने अलगद पुढचं अक्षर दाबलं.