पहिला कप

“उजव्या हाताला काम द्या, काकू. लाड हवे तर डाव्याचे करा.” ह्यांचा व्यायाम घेणाऱ्या ताईंचं हे वाक्य दुकानात कॉफीची यंत्रं बघताना माझ्या कानात होतं.

अर्धांगवायूनं ह्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा मी देवापुढे कॉफी सोडली. ह्यांनी त्याच हातानं करून दिली, तरच घ्यायची.

दुकानदारानं बटणाचं यंत्र दाखवलं. बोट टेकवलं की कडक कॉफी आणि वर फेसाळ दूध, सगळं आपोआप.

“हेच घेऊ,” ह्यांनी हळूच म्हटलं. “बोट तर टेकवता येतं मला. उद्याच सुटेल तुझं व्रत. वर्षभर माझ्यापायी उपाशी आहेस.”

“उपाशी कसली? चहा चालतोय की.” मी शेजारचं दांड्याचं यंत्र पुढे ओढलं. दांड्याच्या वाटीत कॉफी दाबून भरायची, दांडा यंत्रात फिरवून घट्ट बसवायचा, वाफेखाली दुधाचं भांडं धरायचं.

ह्यांचा चेहरा उतरला. “आणि नाहीच जमलं तर?”

“देवाला घाई नाही. मलाही नाही.”

ह्यांनी त्या दांड्यावर उजवा हात ठेवून बोटं आवळून पाहिली. मग म्हणाले, “बरं. पहिला कप तुझा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जपाला बसले असताना स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. उठायचा मोह आवरून मी पुढचा मणी ओढला. जरा वेळानं दांडा पुन्हा यंत्रावर घासल्याचा आवाज आला.