पहिला घोट

भट्टीच्या तापमानाचा आकडा पाचशे ऐंशीवर आला तशी शेडमधली कुजबूज थांबली.

"सहाशेला वाफ सोडायची," प्रतिभा म्हणाली. "आधी वाफ, मग गॅस. उलटं झालं तर आत नुसती काजळी." ती पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगत होती, पण तिची नजर भट्टीवरून हलत नव्हती. स्वयंपाकाच्या गॅसमधून हायड्रोजन काढायचा, हायड्रोजनवर वीज करायची आणि ते मशीन मोबाइलच्या टॉवरखाली बसवायचं, ही आखणी प्रतिभाची. अंबडच्या या शेडमध्ये भट्टी आज पहिल्यांदाच तापत होती.

तिच्यामागे कारभारी फिटर पाना घेऊन उभे होते. भट्टीची नळी अन् नळी त्यांच्या हातची. एक जोड गळत नव्हता.

"हे काय?" प्रतिभा वाफेच्या पाण्याच्या टाकीवरच्या मीटरपाशी वाकली. "पाणी शुद्ध असलं की हा एक दाखवतो. आता सव्वीस कसा?"

कारभारींनी कोपऱ्यातल्या रिकाम्या गडूकडे पाहिलं.

सकाळी गंगेवर आंघोळ करून येताना त्यांनी रामकुंडातून गडू भरून आणला होता. शेडमध्ये कुणी नव्हतं. नव्या विहिरीला नारळ देतात, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. हे मशीन तर पाणी पिणारं. पहिला घोट गंगेचा असावा, एवढंच मनात होतं. अर्धा गडू टाकीत ओतायचा म्हणत होते. मग वाटलं, देण्यात अर्धं काय ठेवायचं? सगळा ओतला होता.

"मीटर गेलाय तो," कुंदनशेठ म्हणाले. शेड त्यांची. पाहुण्यांकडे बघून ते हसले. "मागच्या महिन्यात पण असाच नाचत होता. सोड वाफ."

"आणि पाणीच खराब असलं तर? चिमूटभर क्षार आत गेला तरी गॅस फोडणाऱ्या निकेलच्या गोळ्या कायमच्या मरतील. परदेशातून यायला आठ महिने लागलेत त्यांना. दुसऱ्या नाहीत आपल्याकडे."

"मग थांब."

"थांबता पण येत नाही. गोळ्यांना हवा लागू नये म्हणून आत नायट्रोजन सोडलाय, तो शेवटचा सिलिंडर आहे. पंधरा मिनिटं पुरेल. भट्टी थंड व्हायला चार तास."

"म्हणजे दोन्हीकडून मरणच की! मग मीटर गेलाय असं समज आणि सोड."

आकडा पाचशे पंच्याण्णव झाला. प्रतिभाने मागे वळून पाहिलं.

"मामा, टाकीत कुणी हात घातला नव्हता ना?"

"नाय," कारभारी म्हणाले.

हात कुणीच घातला नव्हता. तेवढं खरं होतं. आपण केलं, हे सांगायला ते कचरले नसते. फार तर शेठ घरी बसवेल. पण गंगेच्या पाण्यानं बिघडलं, असं चारचौघांत कुठल्या तोंडानं म्हणायचं?

सहाशे.

"बरं. मीटरच असेल," प्रतिभा स्वतःशीच म्हणाली. तिने वाफेच्या चावीवर हात ठेवला. चावी फिरायला लागली आणि कारभारींचा राकट हात येऊन तिच्या हातावर घट्ट बसला.

"थांबा ताई. मी घातलंय पाणी. गंगेचं. गडूभर."



"गंगाजल मरताना घालतात तोंडात, कारभारी!" कुंदनशेठ ओरडले. "आधीच घातलंत होय? वा!"

प्रतिभाने चावी बंद केली. शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. "मामा, टाकी किती वेळात रिकामी होईल?"

"तोटीनं दहा मिन्टं."

"दहा नाहीत आपल्याकडे."

कारभारी तोवर गुडघ्यावर बसले होते. टाकीखालचा जोड त्यांनीच आवळलेला, आता तो सुटता सुटेना. त्यांनी पान्यावर सगळा भार टाकला. जोड कुरकुरला, निसटला आणि पाणी धो धो त्यांच्या मांडीवर आलं. प्रतिभाने डिस्टिल्ड वॉटरचा कॅन वरून उपडा केला. टाकी धुतली, धुवण सांडलं. मीटर नऊ.

"दुसरा."

चार. नायट्रोजनचा काटा लाल पट्टीत शिरला.

"अजून एकदा. मग भरायला दोनच कॅन उरतील, मामा."

"ओता."

तिसरं धुवण वाहून गेलं. कारभारींनी टेफ्लॉनची टेप दातानं तोडली, आट्यांवर गुंडाळली, जोड पुन्हा बसवला. हात ओले, पाना घसरत होता. वरून शेवटच्या दोन कॅनचं पाणी पडू लागलं. पाहुणे आता पुढे सरकून टाकीवर हात ठेवून मीटरकडे बघत होते. तीन. दोन. बराच वेळ दोनच. मग एक.

प्रतिभाने चावी फिरवली. नळीत वाफ खदखदली. तिने मनात साठपर्यंत मोजलं आणि गॅस सोडला. गॅस फुटायला लागला की उष्णता खातो; आकडा धाडकन पाचशे चाळीसवर उतरला. तिथे अडखळला. पाचशे एकेचाळीस. पाचशे पन्नास.

"येतोय," ती हळूच म्हणाली. "हायड्रोजन येतोय."

नायट्रोजनचा काटा शून्यावर टेकला होता.

"एक विचारू?" पाहुणे म्हणाले. "पाण्यात एवढं वाईट होतं तरी काय?"

कुंदनशेठ तोंड उघडणार तेवढ्यात कारभारी भिंतीला धरून उठले. पँट चिंब झाली होती.

"पाण्यात वाईट काय नव्हतं, साहेब. ह्या मशीनचं सोवळं लय कडक हाय."

पाहुण्यांनी टाकीवर ठेवलेला हात हळूच काढून घेतला.