कॅप्टनचा भाव

“आला गं, आला!” पडद्याच्या कापडाचं ठाण काउंटरवर तसंच उलगडलेलं टाकून मावशीने फोनवर झडप घातली. गल्ल्यावर बसलेली भाची गालातल्या गालात हसली. मेसेज कुणाचा, हे आख्ख्या दुकानाला ठाऊक होतं. कॅप्टनचा! बोटीवरचा कॅप्टन, फोटोत असा रुबाबदार की बघत राहावं. एकदाही न भेटता त्याने मावशीला पार वेडं केलं होतं. पन्नाशीला टेकलेली बाई, पण गालांवर काय लाली! आणि का येऊ नये? सगळं आयुष्य लोकांच्या खिडक्यांचे पडदे विकण्यात गेलं. तिच्यासाठी कुणी झुरतंय, असं आजवर कोण म्हणालं होतं?

“वाच ना मोठ्याने,” भाची म्हणाली.

मावशी लाजत लाजत वाचू लागली. “राणी, तुझ्यासारखी दुसरी कुठे मिळायची नाही. माझं सामान बंदरात अडकलंय. दंड भरला की सुटलो, की थेट तुझ्याकडे. पण आजच हं, उद्या उशीर होईल. आणि घरी कुणाला विचारत बसू नकोस. लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.”

दंडाचं तो कालपासूनच सांगत होता, त्यासाठीच तर तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. बँकेतली म्हातारपणाची ठेव मोडायची, पैसे पाठवायचे, की झालं! पर्स खांद्याला लागलीसुद्धा होती.

“अगं बाई!” भाची खो खो हसत सुटली. “असं कापड दुसरीकडे मिळायचं नाही, आजच घ्या, घरी विचारायला जाऊ नका... मावशी, याला आपल्या दुकानातच ठेवून घेऊ या. तुझ्या तोडीस तोड गिऱ्हाईक पटवतो!”

मावशीही हसली. मग तिने मेसेज पुन्हा एकदा वाचला. छे, काहीतरीच! पण बोटं मात्र फोनवर गेली. ‘आधी बहिणीला विचारते. मग सांगते.’

म्हण रे बाबा, ‘विचार’ म्हण. एवढंच म्हण. मावशी मनातल्या मनात विनवत होती.

उत्तर लगेच आलं. ‘माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही? बरं, निम्मे पाठव.’

“निम्मे?” मावशीचे डोळे विस्फारले. “अगं, सरकारी दंड कधी निम्मा होतो का? गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की भाव आपण उतरवतो! मेला मलाच गिऱ्हाईक करतोय!”

रागाने तिचा चेहरा लालबुंद झाला. मग तिने बाह्या सरसावल्या आणि लिहिलं, ‘परवडत नाही.’ कॅप्टन पाव हिश्श्यावर आला. तिने लिहिलं, ‘राहू दे, दुसरीकडे बघते.’ कॅप्टन आणखी घसरला. चादरींच्या काउंटरवरच्या बायका धावत आल्या, दोन गिऱ्हाइकं माना उंचावून बघू लागली, खुद्द मालक खुर्ची सोडून आले. “सोडू नकोस! अजून ताण!” फोन वाजला की नुसता कल्ला! मावशीला असा चेव आला होता की विचारू नका.

शेवटी कॅप्टनने लिहिलं, ‘राणी, निदान माझ्या फोनचं रिचार्ज तरी मार.’

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखायला लागली. भाचीने मावशीला घट्ट मिठी मारली. “वाचलीस गं बाई! ठेव वाचली. आता आण तो फोन इकडे, ब्लॉक करून टाकते त्याला.”

मावशीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. माणसं पांगली, मालक खुर्चीवर जाऊन बसले, तरी ते काही थांबेना. फोन तिने दिला नाही.

“रिचार्ज कितीचं असतं गं?” तिने हळूच विचारलं. “नाहीतर उद्या सकाळी ‘उठलीस का’ म्हणून मला कोण विचारणार?”