शेरा : उत्तम

"थांबा बाई," असं म्हणून गवंडीआजोबांनी छिन्नी खांबाला टेकवली आणि सगळ्या इमारतीच्या देखत हातोडीचा घाव घातला.

पालिकेच्या अभियंता बाईंचं पेन जागीच थांबलं. 'इमारतीची स्थिती' या रकान्यात त्यांनी नुकतंच 'उत्तम' लिहिलं होतं. खाली सही तेवढी राहिली होती. सोबतचा कारकून ओरडला, "अहो आजोबा, वेड लागलं का? पालिकेची इमारत आहे ही! भाडेकरूने तोडफोड केली तर खोली खाली करावी लागते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दुसरा घाव घातला.

पालिकेने भाड्याने दिलेली ती चार मजली इमारत. चाळीस बिऱ्हाडं. दरवर्षी तपासणी होई, वाईट इमारतींची यादी होई आणि दुरुस्तीचा पैसा त्या यादीलाच मिळे. बाकीच्यांच्या बाबतीत पालिका हात आखडता घेई. इतकी साधी गोष्ट. पण तपासणीला कुणी येणार म्हटलं, की या इमारतीच्या अंगात येई. जिने धुतले जात. गळक्या छताखालच्या बादल्या पलंगाखाली सरकत. ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट येई. आणि सत्तरी ओलांडलेले गवंडीआजोबा आठ दिवस आधीच थापी घेऊन कामाला लागत. भेगा भरत, गिलावा करत, वरून रंगाचा हात देत. हात असा, की काल भरलेली भेग आज त्यांची त्यांनाही सापडू नये. बाई तीन वर्षं येत होत्या आणि तिन्ही वर्षं खूश होऊन गेल्या होत्या. "असे भाडेकरू सगळीकडे हवेत," असं त्या एकदा म्हणाल्या, तर चाळीस बिऱ्हाडं महिनाभर मान ताठ करून फिरली. चांगली शहाणीसुरती माणसं, पण आपल्याच पायावर धोंडा मारून घेत होती आणि वर तो धोंडा पुसून लख्ख ठेवत होती.

गेल्या आठवड्यात आजोबांच्या खोलीत छताचा ढलपा पडला. पडला तो नातीच्या उशीवर. नात शाळेत होती म्हणून वाचली. त्या दिवशी सगळ्यांनी शपथा घेतल्या, यंदा काही झाकायचं नाही. दुरुस्तीसाठी पालिकेने यंदा कधी नव्हे एवढी रक्कम काढली होती. यादी आज संध्याकाळी बंद होणार होती आणि पुन्हा कधी उघडेल, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

शपथा घेतल्या खऱ्या. पण सकाळी तळमजल्यावरच्या काकूंना राहवलं नाही, त्यांनी जिना धुतलाच. तो पाहून बाकीच्यांनी बादल्या लपवल्या. आजोबांनी तर ढलपा पडला त्याच दिवशी छत भरून टाकलं होतं. खाली नात झोपते, भोक कसं ठेवायचं? बाई आल्या, चारही मजले फिरल्या आणि समाधानाने पेन उघडून मोकळ्या झाल्या. तेव्हा कुठे आजोबा भानावर आले आणि छिन्नी आणायला धावले.

तिसऱ्या घावाला गिलाव्याचा पोपडा सुटून खाली पडला. आजोबांनी आतली सळई नखाने खरवडली. तांबडा भुसा त्यांच्या तळहातावर गळला. अंगठ्याएवढी जाड सळई करंगळीएवढीसुद्धा उरली नव्हती.

बाई जवळ आल्या. त्यांनी सळईवरून बोट फिरवून पाहिलं.

"तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"दरवर्षी मीच झाकतो."

"अहो, पण का?"

आजोबा ओशाळले. "पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर आवरतोच ना, बाई."

कुणी हसलं नाही. काकू आत गेल्या आणि पलंगाखालची बादली ओढून दारात आणून ठेवली. मग शेजारच्यांनी कपाट सरकवलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, "बाई, आमचं छत बघायला या, मी कागद लावलाय, काढते!" जन्मभर अब्रूने राहिलेल्या त्या माणसांनी आपली लक्तरं आपण होऊन बाहेर मांडली. लाजेने चेहरे लाल झाले होते, पण एकही दार बंद राहिलं नाही. त्यांना मनापासून हात जोडावेसे वाटावेत, असा तो दिवस होता.

कारकुनाला मात्र फॉर्म दिसत होता. तो बाईंच्या कानाशी लागला. "मॅडम, तोडफोडीच्या रकान्यात आजोबांचं नाव घालावं लागेल. खोली जाईल त्यांची, इलाज नाही. आणि तीन वर्षं शेरा 'उत्तम' आहे, खाली सही तुमची आहे. आता वाईट लिहिलंत तर चौकशी लागेल ती तुमच्यामागे. आहे ते राहू द्या."

तो कुजबुजला, पण जिन्यात सगळं ऐकू गेलं. आजोबांनी मान खाली घातली. त्यांची सून दाराला धरून उभी होती. तिने नातीला जवळ ओढलं.

बाईंनी फॉर्म कारकुनाच्या हातात दिला. ओढणी कमरेला बांधली. आजोबांच्या हातातली छिन्नी-हातोडी घेतली आणि पलीकडच्या खांबापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पहिला घाव निसटला, हात झिणझिणला.

"मनगट सैल सोडा, बाई," आजोबा न राहवून म्हणाले.

बाईंनी मनगट सैल सोडलं. दुसऱ्या घावाला पोपडा खाली आला. आतली सळई पहिल्यापेक्षाही वाईट होती.

"लिहा," वळूनही न बघता त्या कारकुनाला म्हणाल्या, "तपासणीसाठी दोन्ही खांब फोडले, मी. आणि तीन वर्षं फोडले नाहीत, तेही मीच."