सतरा नंबरचा बिल्ला

कारखान्याचं वाफेचं जुनं इंजिन आम्ही संग्रहालयात जपून ठेवलं आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणून मी निवृत्त ड्रायव्हरकाकांना बोलावलं.

भर दुपारी ते काठी टेकत आले, इंजिनावर चढले आणि सांगू लागले.

"राख काढायला माणूस भट्टीत शिरायचा ना, तो आधी आपला पितळी बिल्ला या दांड्याला अडकवायचा. बिल्ला दिसला की विस्तव पेटवायचा नाही. ज्याचा बिल्ला, त्यानंच तो काढायचा. दुसऱ्यानं हात लावला तर त्याची धडगत नसायची."

मी हसत खिशातून बिल्ला काढला. "हाच ना? काल दिसला नव्हता. आज सकाळी इथंच लटकत होता. म्हटलं, काचेच्या कपाटात ठेवू."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सतरा नंबर," ते म्हणाले. "कारखाना बंद झाला तेव्हा सगळे बिल्ले मी माझ्या हातानं वितळवलेत."

"काका, भट्टीचं दार वीस वर्षांपूर्वीच वेल्डिंग करून बंद केलंय. आत मुंगीसुद्धा शिरायची नाही."

सकाळपासून भट्टीतून खरवडल्याचा आवाज येत होता; उंदीर असतील म्हणून मी सोडून दिलं होतं. तो आवाज आता थांबला होता.

काकांनी दारावर तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. तळव्यावर फोड उठला होता.

"परत अडकव तो," ते कसंबसं म्हणाले.

मी बिल्ला दांड्याकडे नेला, तेवढ्यात आतून दारावर थाप पडली. मग दुसरी. मग कुणीतरी दोन्ही हातांनी दार बडवू लागलं.