बुरुलचं फाटक

आंधळ्या तुर्दुबेकचा वाटाड्या कुत्रा अकतोश भर गल्लीत बसला; माणूस आडवं आलं की तो असाच बसे.

"झीपार, वाट सोड," तुर्दुबेक म्हणाला. तिच्या टोपलीतल्या नानचा वास आला नसता तरी त्याने तेच नाव घेतलं असतं. त्याला अडवून बोलणारं गल्लीत दुसरं होतं कोण?

"दर शुक्रवारी लेकीकडे जाता नि हात हलवत परत येता, तुर्दुबेककाका. दोघांत शहाणा कोण, तुम्ही की कुत्रा?"

"कुत्रा. म्हणून तर तो पुढे चालतो."

"उद्या खरंच बिश्केकला निघालात?"

"अंधांच्या वसतिगृहात खाट मिळालीय. याचीही सोय आहे. इथे माझं कोण उरलंय?"

झीपार बाजूला झाली. अकतोश उठला.

बुरुल बापाशी शेवटचं बोलली त्याला आठ वर्षं झाली होती. आई तापाने फणफणत होती आणि बाप गुरांच्या बाजारात घासाघीस करत बसला. डॉक्टर आला तेव्हा उशीर झाला होता. मातीच्या दिवशी साऱ्या गावासमोर ती म्हणाली, "तुमच्याशी जन्मात एक शब्द बोलणार नाही." हट्टाला बापाच्या वरताण. बापाचे डोळे गेले, तरी तिने शब्द मोडला नाही.

वाटेत दुकान आलं. अकतोशने बंद दाराच्या कडीवर नाक टेकवलं. तुर्दुबेकने तिथेच हात नेऊन दार उघडलं आणि चहाचा एक पुडा घेतला. लेकीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

नदीपलीकडे ते एकटंच घर. तिथे पोचताच अकतोश नेहमीसारखा बसला आणि शेपटी मातीवर आपटू लागला. तुर्दुबेकला हे कोडं केव्हाच सुटलं होतं. या फाटकाला कडी आतून आहे, नाक टेकवणार कुठे? म्हणून बिचारा बसतो. आणि शेपटी हलते ती आतल्या रश्शाच्या वासाने.

"कोण आहे का घरात?"

दार वाजवायची इथे रीत नाही. हाक मारायची, थांबायचं, ओ आली नाही तर परतायचं. दोन वर्षं तो असाच परतत होता. आज त्याचे पाय निघेनात.

"बुरुल, उद्या मी चाललो. तुझ्या आईच्या बाबतीत चुकलो ते मीच. इतके शुक्रवार हेच सांगायला येत होतो, पण बंद फाटकाला काय सांगायचं, म्हणून गिळून परत जायचो." त्याला स्वतःची लाज वाटली आणि फार एकटं वाटलं.

त्याने पट्टा ओढला.

"चल, अकतोश."

कुत्रा हलला नाही. निदान पुडा तरी अडकवून जावा, म्हणून तुर्दुबेकने कुत्र्याच्या डोक्यावरून हात पुढे केला आणि फाटकाची फळी शोधली.

फळीच्या जागी त्याच्या हाताला ओला गाल लागला.