हात दिसले पाहिजेत

"नेटचा डबा तुमचा, तार तुमची, आणि बिघाड मात्र माझ्या घरातला! तुम्ही लोक माझ्या पोराचा बळी घेताय, कळतंय का?"

फोनवरचा मदतनीस शांत होता. शांत राहण्याचाच त्याला पगार मिळत असावा. "मॅडम, डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?"

"सकाळपासून स्थिर आहे. मढ्याच्या डोळ्यासारखा."

"मग डबा एकदा बंद करून चालू करा."

टोप्या शिवणाऱ्या त्या बाईने जावेकडे पाहिलं. जाऊ स्टुलावर चढून तेच करत होती. आधीच्या माणसाने सांगितलं तेव्हाही केलं होतं, त्याच्या आधीच्या बाईने सांगितलं तेव्हाही. दर वेळी फोनवर नवा माणूस आणि पहिले पाढे पंचावन्न.

"ताई, आता परत बंद केला ना, तर हा मेला चालू व्हायचंच विसरेल," जाऊ म्हणाली.

बाईचा पोरगा जन्माचा बहिरा आणि मुका. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. हाताने जे काही बोलतो ते त्याने आणि आईने शिलाई मशीनशेजारी बसून घडवलं. ती भाषा जगात दोघांनाच येते. परगावी फर्निचरच्या कारखान्यात तो पॉलिश करायचा. काल रात्री कारखान्याला आग लागली आणि आज सकाळी पोलिसांनी त्याच्यावरच संशय धरून त्याला उचललं. ठाण्यातले साहेब म्हणाले होते, "व्हिडिओवर या, तो काय सांगतोय ते आम्हाला सांगा. संध्याकाळी त्याला कोर्टात उभा करायचाय."

घरातलं नेट बंद, मोबाइलचं नेट घरात पकडत नाही. बाई धापा टाकत चौकापर्यंत जाऊन आली. तिथे मोबाइलवर पोराचा चेहरा आला, त्याचे हात वर गेले आणि चित्र थिजलं. वर गेलेले हात पुढे काय म्हणणार होते, ते आईलाही कळलं नाही. ती पुन्हा घरी आली, पुन्हा तोच नंबर लावला.

"अहो, सगळ्या गल्लीचं बंद आहे," ती म्हणाली.

"तुमच्या गल्लीतून दुसरी तक्रार दिसत नाही, मॅडम. बाकीच्यांना अ‍ॅपवर तक्रार टाकायला सांगा."

"अ‍ॅप कशावर चालतं?"

"नेटवर."

जाऊ स्टुलावरून फस्सकन हसली. रडू आलं की ती अशीच हसते.

बाईचा आवाज आता उतरला होता. "हे बघ बाबा, मला सिनेमे बघायचे नाहीत. पोराचे हात दिसले पाहिजेत, थोडाच वेळ. तिथे कुणी जाणता माणूस असेल तर त्याला फोन दे. तुझ्या पाया पडते."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "मावशी, मी सांगितलं असं बोलू नका कुठे. तुमच्याकडची मोठी केबल रस्ता खोदताना तुटलीये. डब्याला काही झालेलं नाही. तो कितीही वेळा बंद-चालू करा, काही होणार नाही."

सकाळपासूनची ही पहिली कामाची गोष्ट.

"मग जोडणार कधी?"

"ते इथे कुणालाच माहीत नसतं. आम्हाला फक्त डब्याचं विचारायला सांगितलंय."

फोन बंद झाला. लगेच मोबाइलवर संदेश वाजला. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. जाऊने तो मोठ्याने वाचला आणि कंपनीच्या मालकाला अशी शिवी हासडली की शेजारची खिडकी उघडली.

तेवढ्यात ठाण्यातून फोन आला.

"बाई, तुम्ही काही दिसला नाहीत. मग आम्हीच खुणांनी विचारलं. काडी ओढून दाखवली, त्याच्याकडे बोट केलं. त्याने मान हलवली."

"साहेब, तो सगळ्यालाच मान हलवतो! लहान होता तेव्हा पोरं बडवायची त्याला. मीच शिकवलं, समोरचा चिडला की मान हलव, माणूस निवतो."

"परत परत विचारलं. दर वेळी हो."

"दरडावून विचारलंत ना?"

"लाडाने विचारायला तो काय माझा जावई आहे? जबाबावर अंगठा घेतलाय. गाडी उभी आहे खाली."

जाऊ स्टुलावरून उतरून बाईच्या पाठीला हात लावून उभी राहिली.

"साहेब, गाडीत घालायच्या आधी एवढं करा. त्याच्या फोनवर माझा फोटो आहे, तो त्याच्यासमोर धरा. डोळे वटारा, गळा कापल्याची खूण करा, आणि त्याच्याकडे बोट दाखवा. विचारा, आईला तूच मारलंस ना?"

बाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी इथे जिवंत उभी आहे, साहेब. विचारा त्याला. आणि काय म्हणतो ते मला सांगा."